आठवड्यातून दोनदा अर्धी गोळी : कॅबरगोलिनची गोष्ट

या व्याख्यानमालेत आपण दर वेळी एकच औषध घेतो आणि ते शरीरात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत काय काय करतं ते बघतो. आजचं औषध कॅबरगोलिन. ज्यांनी ही गोळी घेतली आहे त्यांना तिची ओळख एका जरा विचित्र सूचनेने झाली असेल : अर्धी गोळी, आठवड्यातून दोनदा. रक्तदाबाची गोळी रोज, थायरॉइडची रोज सकाळी उपाशीपोटी, आणि ही मात्र सोमवारी अर्धी नि गुरुवारी अर्धी. मग माणूस घरी जातो, मोबाइलवर नाव टाकतो आणि दोन गोष्टी समोर येतात. एक, हे पार्किन्सनच्या आजारातही वापरलेलं औषध आहे. दोन, याने हृदयाच्या झडपा खराब होतात. तिथेच ते पाकीट कपाटात जातं आणि परत बाहेर येत नाही.

असं पाकीट ठेवून दिलेल्या बायका आम्हाला भेटल्या आहेत, पुरुषही भेटले आहेत. त्यांना घाबरट म्हणायची आमची तयारी नाही, कारण त्यांनी वाचलेलं खोटं नव्हतं. झडपांची गोष्ट खरी आहे. आणि तरीही डॉक्टरांनी लिहून दिलेली अर्धी गोळी बहुतेक वेळा बरोबरच असते. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, ते आज बघू. त्यासाठी थोडं लांबून यावं लागेल : आधी एक ग्रंथी, मग एक बुरशी, आणि मग गोळी.

मेंदूच्या तळाशी, हाडाच्या एका छोट्या खळग्यात वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथी असते. मराठी पुस्तकांत तिला पीयूषिका म्हणतात. पीयूष म्हणजे अमृत हे सगळ्यांना माहीत असतं; पण संस्कृतात त्या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध. म्हणजे आपला चीक. आजच्या विषयाला हे नाव अगदी चपखल बसतं, कारण दूध आणणारं प्रोलॅक्टिन हे हार्मोन याच ग्रंथीत तयार होतं. ते प्रथम ओळखलं गेलं मात्र गाईत नाही नि बाईतही नाही, कबुतरात. कबुतरं पिल्लांना चोचीतून दुधासारखा एक पदार्थ भरवतात, आणि तो नर आणि मादी दोघांच्याही गळ्यातल्या अन्नपिशवीत तयार होतो. अमेरिकेत ऑस्कर रिडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे हार्मोन कबुतरांवरच्या प्रयोगांतून ओळखलं आणि त्याला प्रोलॅक्टिन हे नाव दिलं. माणसात ते वाढीच्या हार्मोनपासून वेगळं आहे, हे पक्कं व्हायला मात्र १९७० साल उजाडलं.

आता नीट लक्ष द्या, सगळं औषध यावर उभं आहे. पिट्यूटरीतल्या बाकीच्या हार्मोन्सना वरून, म्हणजे हायपोथॅलॅमसकडून, ‘सोड’ असा निरोप यावा लागतो. प्रोलॅक्टिनचं उलटं आहे. त्याला सतत ‘थांब’ असा निरोप येत असतो. तो आणणारा रेणू म्हणजे डोपामिन. पाटाच्या दारावर माणूस बसवलेला असावा तसं. तो बसलाय तोवर पाणी अडलेलं. तो उठून गेला की पाणी आपोआप शेतात पसरतं, कुणी सोडावं लागत नाही. हायपोथॅलॅमस आणि पिट्यूटरी यांना जोडणारा देठ अपघातात तुटला तर इतर हार्मोन्स खाली येतात आणि प्रोलॅक्टिन एकटं वर जातं. दारावरचा माणूस गेला.

बाळंतपणानंतर हे पाणी सुटायलाच हवं. पण मूल नसताना, बाळंतपण नसताना ते सुटलं तर? कधी पिट्यूटरीतच प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशींची एक गाठ होते, तिला प्रोलॅक्टिनोमा म्हणतात. ही जवळजवळ नेहमीच कर्करोगाची नसते. दहा मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर सूक्ष्म, त्याहून मोठी असेल तर मोठी, इतकं सरळ वर्गीकरण. प्रोलॅक्टिन वाढलं की ते मेंदूतून बीजकोशाकडे जाणारे निरोप दाबतं. पाळी लांबते, बंद होते, मूल राहत नाही, आणि काहींना स्तनातून दूध येतं.

इथे जरा थांबतो. एकोणीस-वीस वर्षांची, लग्न न झालेली मुलगी. पाळी चार महिने नाही, आणि कपड्यावर दुधाचे डाग. ती कुणाला सांगेल? आईला सांगितलं तर आईच्या मनात पहिला विचार काय येईल, हे तिला पक्कं माहीत असतं. म्हणून ती सांगत नाही. लग्न झालेल्या बाईचं वेगळं : तिला मूल होत नाही म्हणून गावभर बोललं जातं, उपासतापास होतात, आणि रक्ताची एक तपासणी राहून जाते. पुरुषांत तर दूध क्वचितच येतं. इच्छा कमी होणं, थकवा, हे कुणी बोलून दाखवत नाही. त्यामुळे पुरुषांत ही गाठ बऱ्याचदा मोठी झाल्यावर सापडते, म्हणजे ती दृष्टीच्या नसांवर दाबायला लागल्यावर. दोन्ही बाजूंचं दिसणं कमी होतं, दाराच्या चौकटीला खांदा घासतो, गाडी चालवताना बाजूने येणारी मोटरसायकल कळत नाही. चष्म्याचा नंबर बदलून झालेला असतो, तेव्हा कुठे एमआरआय होतो.

पण प्रोलॅक्टिन वाढलं म्हणजे गाठच, असं नाही. हे आम्ही विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगतो. आधी गरोदरपण नाही ना ते बघा. थायरॉइड बघा, कारण थायरॉइड मंदावली की प्रोलॅक्टिन चढतं. सुईच्या भीतीनेसुद्धा ते थोडं वर जातं, म्हणून किंचित वाढलेला आकडा शांत बसवून पुन्हा तपासावा. आणि सगळ्यात आधी विचारा : दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत? आपल्याकडे ॲसिडिटीची म्हणून जी कॅप्सूल सर्रास घेतली जाते, तिच्यात पुष्कळदा पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असतं, नाहीतर रॅबेप्राझोलबरोबर लेव्होसल्पिराइड. ही दोन्ही डोपामिनचा रस्ता अडवतात. मानसिक आजारातलं रिस्पेरिडोनही तेच करतं. म्हणजे दारावरच्या माणसाला आपणच गोळी देऊन उठवलं, आणि पाणी का पसरलं म्हणून दुसरी गोळी आणायला निघालो. अशा वेळी कॅबरगोलिन सुरू करण्याआधी ती कॅप्सूल थांबवून आकडा पुन्हा बघता येतो. मानसिक आजाराच्या औषधाला मात्र स्वतःहून हात लावायचा नाही. तिथे दोन डॉक्टरांनी एकमेकांशी बोलणं लागतं, आणि कॅबरगोलिनमुळे तो आजार उसळू शकतो हेही लक्षात ठेवावं लागतं.

आता बुरशी. युरोपात राय नावाच्या धान्याच्या कणसात एक बुरशी वाढते, क्लॅव्हिसेप्स परप्युरिया. दाण्याच्या जागी काळी-जांभळी, शिंगासारखी गाठ तयार होते, ती अरगट. मध्ययुगात असलं धान्य दळून खाल्लेल्यांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जात, हातापायांची बोटं काळी पडून झडत, अंगाची आग होई. त्याला सेंट अँथनीची आग म्हणत. आपल्याकडे राय पिकत नाही, पण बाजरी पिकते आणि बाजरीलाही अरगट लागतो. बुरशी त्याच कुळातली, जात वेगळी. आधी कणसावर चिकट गुलाबीसर थेंब, मग काळपट गाठी. पेरणीच्या आधी बाजरीचं बी २० टक्के मिठाच्या पाण्यात, म्हणजे दहा लिटरला दोन किलो मीठ, टाकायचं. हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून टाकायच्या आणि खाली बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवायचं. कोरडवाहू भागातल्या श्रोत्यांना हे सांगायची गरज नाही.

तेव्हाच्या मुंबई राज्याच्या दक्षिण भागात १९५० च्या दशकात अशी बाजरी खाऊन बरीच माणसं आजारी पडल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. बाजरीच्या अरगटाने होणाऱ्या या विषबाधेत मळमळ, उलट्या, गरगरणं, गुंगी ही लक्षणं असतात. बोटं झडत नाहीत. ही लक्षणांची यादी डोक्यात ठेवा, ती पुन्हा येणार आहे. आणि १९५९ साली आफ्रिकेतल्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, पशुवैद्यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली : बाजरीचा अरगट खाल्लेल्या डुकरिणी व्याल्या, पण त्यांना दूधच उतरलं नाही. पिल्लं उपाशी. त्यांच्या अंगात प्रोलॅक्टिन दबलं होतं, हे कळायला मात्र वेळ लागला.

असं का व्हावं? रसायन बघू. अरगटातल्या द्रव्यांचा सांगाडा चार कड्यांचा असतो, त्याला अर्गोलिन म्हणतात. या सांगाड्यात डोपामिनचा आकार लपलेला आहे. त्यात सेरोटोनिनचाही आकार आहे, आणि नॉरॲड्रेनॅलिनचाही. म्हणजे निसर्गाने एकाच किल्लीवर तीन कुलपांचे दाते कापून ठेवलेत. कुठली किल्ली कुठल्या कुलपात जास्त घट्ट बसेल, हे त्या सांगाड्याला मागे काय जोडलंय त्यावर ठरतं. रक्तवाहिन्यांकडे कल असलेलं एर्गोटामिन अर्धशिशीत वापरलं गेलं. गर्भाशयाकडे कल असलेलं एर्गोमेट्रिन बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवायला. एकाच बुरशीतून निघालेली ही भावंडं, पण स्वभाव निराळे.

इस्राएलमधले शास्त्रज्ञ शेलेस्नियाक यांनी १९५० च्या दशकात अरगटाची द्रव्यं देऊन उंदरांमधली गर्भधारणेची तयारी रोखून दाखवली, आणि तिच्यामागे प्रोलॅक्टिनचं दबणं असावं असा माग लागला. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला, सँडोझ कंपनीत, एडवर्ड फ्ल्युकिगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग सरळ तेच ध्येय ठेवलं : प्रोलॅक्टिन दाबणारा गुण ठेवायचा आणि रक्तवाहिन्या, गर्भाशय आवळणारा गुण शक्य तितका काढायचा. त्यातून ब्रोमोक्रिप्टिन आलं, १९६० च्या दशकाच्या अखेरीला. तोवर अशा गाठीवर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार हेच रस्ते होते. आता तोंडाने घेतलेल्या गोळीने गाठ आकसायला लागली. आमच्या मते औषधशास्त्रातला हा फार मोठा क्षण आहे, आणि त्याचं कौतुक व्हावं तेवढं झालेलं नाही. ब्रोमोक्रिप्टिनची अडचण एवढीच, की ते साधारणपणे दिवसातून दोन-तीनदा घ्यावं लागतं आणि मळमळ फार. कॅबरगोलिन त्याचं धाकटं भावंड. ते इटलीत तयार झालं आणि अमेरिकेत १९९६ च्या डिसेंबरात डोस्टिनेक्स या नावाने मंजूर झालं.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं? दोन-तीन तासांत रक्तातलं प्रमाण शिखरावर जातं. प्रोलॅक्टिनही साधारण तीन तासांत उतरायला लागतं. प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशीवर डी-टू नावाचे डोपामिनचे रिसेप्टर असतात, तिथे कॅबरगोलिन बसतं आणि डोपामिनसारखाच निरोप देतं. पेशीच्या आत सायक्लिक एएमपी नावाचा निरोप्या असतो, तो कमी होतो. आधी साठवलेलं प्रोलॅक्टिन बाहेर पडणं थांबतं, मग नवीन बनवायचं कामही मंदावतं. काम नाही म्हटल्यावर पेशी आकसते. गाठ लहान होते ती अशी. जाळून, कापून नाही. म्हणूनच गोळी लवकर थांबवली तर त्याच पेशी पुन्हा फुगू शकतात.

आणि ते ‘आठवड्यातून दोनदा’? रक्तातलं औषध निम्मं व्हायला जो वेळ लागतो त्याला अर्धायुष्य म्हणतात. कॅबरगोलिनचं अर्धायुष्य ६३ ते ६९ तासांचं आहे, म्हणजे जवळजवळ पावणेतीन दिवस. त्यात भर म्हणजे ते पिट्यूटरीतून फार सावकाश हलतं. प्रोलॅक्टिन वाढलेल्यांत एका मात्रेचा परिणाम आठवडाभर, कधी त्याहून बराच जास्त टिकलेला दिसतो. यकृतात त्याचा एक दुवा पाण्याने तुटतो, आणि बरंचसं शौचावाटे, थोडं लघवीवाटे जातं. गणित करून बघा : पाच अर्धायुष्यं म्हणजे जवळजवळ दोन आठवडे. तेवढ्या वेळात रक्तातली पातळी हळूहळू चढत स्थिरावते. म्हणून सुरुवात ०.२५ मिलिग्रॅम आठवड्यातून दोनदा, म्हणजे अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी, आणि वाढवायची तर निदान चार आठवडे थांबून. चिठ्ठीवरचा ‘आठवड्यातून’ हा शब्द वाचायचा राहिला आणि गोळी रोज घेतली, तर ती साचत जाते. औषधाच्या दुकानात पाकिटावर वार लिहून घ्या.

दोन औषधांची तुलना १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आली होती. ४५९ बायका. कॅबरगोलिन घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के जणींचं प्रोलॅक्टिन नॉर्मल झालं, ब्रोमोक्रिप्टिनवाल्यांपैकी ५९ टक्के जणींचं. त्रास झाला म्हणून औषध सोडणाऱ्या कॅबरगोलिनच्या बाजूला ३ टक्के, ब्रोमोक्रिप्टिनच्या बाजूला १२ टक्के. चांगलं औषधही घेतलं नाही तर उपयोग नाही, म्हणून हा शेवटचा आकडा आम्हाला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

त्रास कोणते? मळमळ, उलटी, गरगरणं, गुंगी, डोकेदुखी. मघाची बाजरीची यादी आठवली? डोपामिनसारखं वागणारं द्रव्य मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. बाजरीतलं विष आणि पाकिटातलं औषध यांचं नातं इतकं जवळचं आहे. फरक मात्रेचा आणि निवडीचा. उपाय साधा : गोळी जेवणाबरोबर, रात्री झोपताना. पहिल्या काही मात्रांना रक्तदाब उतरतो, म्हणून पहाटे एकदम उठू नका. काठावर बसा, मग उभे राहा. आणि एक चूक अगदी टाळा. मळमळतंय म्हणून घरातली डॉम्पेरिडोनची गोळी घेऊ नका. ती पिट्यूटरीत कॅबरगोलिनचीच जागा अडवते, म्हणजे एका हाताने लावलेलं दार दुसऱ्या हाताने उघडलं.

आता झडपा. सेरोटोनिनचे रिसेप्टर अनेक प्रकारचे आहेत, त्यातला एक फाइव्ह-एचटी-टू-बी. तो हृदयाच्या झडपांमधल्या पेशींवर असतो. त्याला सतत डिवचलं की त्या पेशी वाढतात, तंतू घालतात, झडप जाड आणि ताठ होते, नीट मिटत नाही आणि रक्त उलटं गळतं. वजन घटवायचं फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं ते याच कारणाने. कॅबरगोलिनची किल्ली याही कुलपात बसते. पार्किन्सनच्या रुग्णांत हे उघड झालं. जानेवारी २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले. त्यातल्या इटलीच्या अभ्यासात कॅबरगोलिन घेणाऱ्यांपैकी २८.६ टक्के जणांच्या झडपांत लक्षणीय गळती होती, पर्गोलाइड घेणाऱ्यांत २३.४ टक्के, आणि औषध न घेणाऱ्या निरोगी माणसांत ५.६ टक्के. पर्गोलाइड हेही अर्गोलिनच. अमेरिकेत ते त्याच वर्षी मार्चमध्ये मागे घेतलं गेलं. मोबाइलवर दिसतं ते हे.

पण ती माणसं औषध किती घेत होती? पार्किन्सनमध्ये मेंदूच्या आतलं डोपामिनच आटलेलं असतं, ते भरून काढायला रोज तीन मिलिग्रॅम किंवा जास्तही दिलं जाई. आठवड्याचे झाले २१ मिलिग्रॅम. वर्षानुवर्षं. पिट्यूटरीचा पुढचा भाग मेंदूच्या त्या कडक पहाऱ्याबाहेर आहे आणि तिथले डी-टू रिसेप्टर थोडक्यात ऐकतात, म्हणून प्रोलॅक्टिनसाठी सुरुवात आठवड्याला अर्ध्या मिलिग्रॅमने होते आणि पुष्कळांचं एका मिलिग्रॅमच्या आसपास भागतं. एकवीस आणि एक. तीच किल्ली, पण एकीकडे ती दुसऱ्या कुलपात दिवसरात्र फिरत होती आणि दुसरीकडे जेमतेम टेकते. २००७ नंतर प्रोलॅक्टिनसाठी गोळी घेणाऱ्यांच्या झडपा अनेक ठिकाणी तपासल्या गेल्या. काही अभ्यासांत किरकोळ गळती थोडी जास्त दिसली, पण रुग्णाला त्रास देईल असा झडपेचा आजार बहुतेकांत दिसला नाही. म्हणून ब्रिटनमधल्या हृदय आणि हार्मोन या दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञ संस्थांनी २०१९ साली एकत्र शिफारस केली : सुरू करताना एक टू-डी इको, आठवड्याला दोन मिलिग्रॅमपर्यंत असाल तर पुढचा पाच वर्षांनी, त्याहून जास्त असाल तर दर वर्षी. आधीपासून झडपेचा आजार असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगायचं.

अर्गोलिन म्हटलं की झडपा गेल्याच, असंही नाही बरं का. लिसुराइड हेही अर्गोलिन, पण ते फाइव्ह-एचटी-टू-बी रिसेप्टरला चाळवत नाही, उलट अडवतं. दोष कुळाचा नाही, त्या विशिष्ट दात्याचा.

झडपांबद्दल सगळे विचारतात. एका गोष्टीबद्दल कुणी विचारत नाही, आणि ती आम्हाला जास्त सतावते. डोपामिन मेंदूत हव्यासाच्या वाटेवरही काम करतं. ही गोळी घेणाऱ्यांपैकी काहींना जुगाराची ओढ लागते, काहींची खरेदी हाताबाहेर जाते, काहींची कामेच्छा इतकी वाढते की घरात तंटे होतात. हे थोड्याच लोकांत होतं, पण कमी मात्रेतही होऊ शकतं. आणि ज्याला होतं त्याला ते औषधामुळे आहे असं वाटतच नाही. त्याला आपला स्वभावच तसा झाला असं वाटतं. मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा नवरा आणि त्याची पिट्यूटरीची गोळी यांचा संबंध बायको लावणार कुठून? म्हणून गोळी सुरू करताना हे घरातल्या निदान एका माणसाला सांगून ठेवावं. मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की ही ओढ सहसा ओसरते.

आता आलेल्या चिठ्ठ्या. एका ताईंनी विचारलंय, बाळ पोटातच गेलं तर दूध थांबवायला हीच गोळी देतात का. हो. अशा वेळी दूध येणं हे दुःखावरचं दुःख असतं. अनेक देशांत बाळंतपणानंतर पहिल्या दिवसात एक मिलिग्रॅम एकदाच, अशी पद्धत आहे. पूर्वी यासाठी ब्रोमोक्रिप्टिन देत. पण काही बाळंतिणींना झटके, पक्षाघात, हृदयविकार झाल्याच्या नोंदी आल्या आणि अमेरिकेत १९९४ मध्ये तो वापर बंद झाला. म्हणून कॅबरगोलिन देतानाही गरोदरपणात रक्तदाब वाढला होता का, हे विचारलंच पाहिजे. वाढला असेल तर ही गोळी नाही. छातीवर मोगऱ्याची फुलं बांधण्याचा उपाय आहे त्याची टिंगल करू नये. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात मोगऱ्याची ब्रोमोक्रिप्टिनशी तुलना केली होती आणि दोन्ही गटांत प्रोलॅक्टिन उतरलं होतं, गोळीने जास्त.

दुसरी चिठ्ठी : दिवस राहिले तर? गाठ लहान असेल तर दिवस राहिल्याचं कळताच गोळी साधारणपणे थांबवतात. गाठ मोठी असेल तर निर्णय एकेकीचा वेगळा. गरोदरपणात प्रोलॅक्टिन तसंही वाढतं, त्यामुळे तेव्हा रक्त तपासून काही कळत नाही; डोकेदुखी आणि नजर यांवर लक्ष ठेवायचं. पाळी सुरू व्हायच्या आधीच बीज सुटू शकतं, म्हणजे एकही पाळी न येता दिवस राहू शकतात. मूल नको असेल त्यांनी हे पहिल्या आठवड्यापासून लक्षात घ्यावं. आणखी एक, मोठी गाठ वेगाने आकसली तर क्वचित नाकातून पाण्यासारखं पातळ गळायला लागतं. ती सर्दी समजून वाफारा घेत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

शेवटची चिठ्ठी आहे, आयुष्यभर घ्यायची का. नाही, सगळ्यांना नाही. इटलीत नेपल्सच्या डॉ. कोलाओ आणि सहकाऱ्यांनी २००३ साली २०० रुग्णांची गोळी थांबवून बघितली. थांबवली तीही आकडा नॉर्मल झाला होता आणि एमआरआयवर गाठ नाहीशी किंवा बरीच लहान झाली होती, अशांचीच. गाठच नसलेल्यांपैकी २४ टक्के, सूक्ष्म गाठवाल्यांपैकी ३१ टक्के आणि मोठ्या गाठवाल्यांपैकी ३६ टक्के जणांत प्रोलॅक्टिन पुन्हा वाढलं. बाकीच्यांचं नाही. म्हणजे साधारण दोन वर्षं व्यवस्थित घेतल्यावर, आकडा आणि एमआरआय दोन्ही चांगले असतील, तर मात्रा हळूहळू उतरवून थांबवायचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. थांबवल्यावर पहिलं वर्ष दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, कारण परतायचं असेल तर ते बहुतेकदा त्याच वर्षात परततं.